‘गेट्झ/जिल्बेर्तो’बद्दल श्रोत्यांची मतं का फाटतात? एक प्रकरण अभ्यास

टेनर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचा गायक-गिटारवादक जोआंव जिल्बेर्तो यांची ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ ही तबकडी व्हर्व्ह कंपनीने मार्च १९६४मध्ये बाजारात आणली. ध्वनिमुद्रण वर्षभर आधीच, १८ आणि १९ मार्च १९६३ला, न्यूयॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत उरकलं होतं. निर्माता क्रीड टेलर, ध्वनिमुद्रक फिल रमोन. पियानोवर आन्तोनियो कार्लोस जोबिम, ड्रम्सवर मिल्तन बनाना, बासवर सेबास्तियांव नेतो, आणि दोन गाण्यांत जोआंवची तेव्हाची पत्नी आस्त्रूद जिल्बेर्तो. एकूण आठ गाणी, जेमतेम ३४ मिनिटं. सहा गाण्यांना जोबिमचं संगीत, उरलेले दोन जुने सांबा: एक आरी बारोझोचा, दुसरा दोरिव्हाल कायमी आणि आन्तोनियो आल्मेदा यांचा.

ही तबकडी ‘बिलबोर्ड’च्या अल्बमयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. १९६५च्या ग्रॅमीत तिला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं गेलं. हा मान पुन्हा एखाद्या जॅझ अल्बमला मिळायला थेट २००८ साल उजाडावं लागलं. एवढं यश मिळूनही तिच्याबद्दल एकमत कधीच झालेलं नाही. कुणाला तिच्यात सॅक्सचा सर्वांत सुंदर आवाज ऐकू येतो, कुणाला सॅक्सची घुसखोरी. कुणी आस्त्रूदला निरागस म्हणतो, कुणी सरळ बेसूर. ‘हे मुळात लॅटिन जॅझच नाही’ म्हणणारे आहेत, आणि ‘हे लिफ्टमध्ये वाजवायचं संगीत’ म्हणून हात झटकणारेही.

ही मतं एकत्र ठेवून पाहिली तर त्यातली बरीच भांडणं आवडीनिवडीची नाहीत हे लक्षात येतं. भांडणाऱ्यांनी एकच गोष्ट ऐकलेली नसते. कुणी कापलेलं गाणं ऐकलेलं असतं, कुणी पूर्ण. कुणी फोनच्या स्पीकरवर, कुणी बऱ्यापैकी हेडफोनवर. म्हणून या तबकडीवरचं कुठलंही मत तोलण्याआधी ‘तुम्ही नेमकं काय आणि कशावर ऐकलंत?’ हे विचारणं भाग आहे.

दोन ‘इपानेमा’

सगळ्यात मोठी गफलत पहिल्याच गाण्यात होते. ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ तबकडीवर पाच मिनिटांहून थोडं जास्त चालतं. रेडिओसाठी काढलेली एकेरी तबकडी पावणेतीन मिनिटांच्या आसपास आहे. ती करताना जोआंवचा पोर्तुगीज भाग सबंध कापला, आणि आणखीही कात्री चालली. रेडिओवर तीच गाजली, ‘बिलबोर्ड’च्या गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली, आणि जगभरच्या कानांत तीच बसली.

पूर्ण गाण्याची रचना अशी. गाण्याचा एक फेरा ४० मात्राखंडांचा (मात्राखंड किंवा ‘बार’ म्हणजे मात्रांचा एक छोटा गट): आठ, आठ, सोळा, आठ. सोळाचा मधला भाग वेगळा, बाकी तीन खंड एकाच चालीचे. गाण्याच्या वेगाने एक फेरा साधारण सव्वा मिनिटाचा होतो. सुरुवातीला जोआंवची गुणगुण आणि गिटार, काही सेकंद. मग पहिला पूर्ण फेरा जोआंवचा, पोर्तुगीजमध्ये. साधारण १ मिनिट २० सेकंदांना आस्त्रूद इंग्रजीत सुरू करते. अडीच मिनिटं उलटल्यावर गेट्झचा फेरा. पावणेचार मिनिटांच्या पुढेमागे जोबिमचा पियानो, तोही अर्ध्या फेऱ्यापुरता, मोजून मापून. शेवटी आस्त्रूद मधल्या भागापासून परतते, गेट्झ तिच्या ओळींच्या फटींत वाजवतो, आणि आवाज हळूहळू विरतो.

आता कापलेल्या आवृत्तीचा श्रोता काय ऐकतो? आस्त्रूदचं गाणं आणि गेट्झचा सॅक्स. त्याला वाटतं, ही एका गोड गायिकेची आणि सॅक्सवाल्याची तबकडी. ज्याच्या गिटारवर हा सगळा डोलारा उभा आहे, तो जोआंव त्याच्या लेखी साथीदारच. पूर्ण गाणं ऐकणाऱ्याला पहिल्या ८० सेकंदांतच कळतं की मूळ घाट जोआंवचा आहे: गिटारचा ठेका स्थिर, आणि गळा त्या ठेक्याच्या कधी किंचित मागे तर कधी पुढे. सम कुठे आहे हे गिटार सांगते आणि गाणारा ती मुद्दाम चुकवतो. लयकारी ऐकायची सवय असलेल्या कानाला हा खेळ सहज कळतो, फक्त तो भाग ऐकायला मिळाला पाहिजे.

शब्दांमुळेही फरक पडतो. व्हिनिसियुस द मोराइसच्या पोर्तुगीज गाण्यात सौंदर्य आणि एकटेपण आहे. नॉर्मन गिम्बेलच्या इंग्रजी शब्दांत मुलगी पुढून जाते, कुणीतरी पाहत राहतो, ती ढुंकूनही बघत नाही. इंग्रजी गाणं हलकंफुलकं वाटतं त्याचं कारण इथे आहे. पोर्तुगीज जाणणारे जे गोवेकर अजून आहेत त्यांना इथे सरळ फायदा आहे. ब्राझिली उच्चार लिस्बनच्या उच्चारांपेक्षा मोकळे, पण दोनचार वेळा ऐकलं की शब्द लागतात.

सॅक्स खरंच मोठा आहे का?

ब्राझीलचं संगीत मुळातून ऐकणाऱ्यांची ही ठाम तक्रार: जोआंव कुजबुजतो आणि गेट्झ त्याच्यावर चढून वाजवतो. तक्रारीत तथ्य आहे. पण ते किती, हे ठरवायला तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात.

पहिली वाद्याची. जोआंव मायक्रोफोनच्या अगदी जवळून, बोलण्याच्या पट्टीत, सूर न हलवता गातो. टेनर सॅक्स भरीव आवाजात वाजवायचा तर तो कितीही हळू वाजवला तरी या गळ्याच्या वरच जातो. तेव्हा दोघांचं नातं खोलीत ठरत नाही, मिश्रणाच्या टेबलावर ठरतं. त्या टेबलावर सॅक्सला पुढची जागा दिलेली आहे, हे मान्य करायला हवं. अमेरिकी बाजारात नाव गेट्झचं होतं. १९६२मध्ये चार्ली बर्डबरोबरच्या ‘जॅझ सांबा’ या त्याच्या तबकडीने बोसा नोव्हाची, म्हणजे सांब्यातून निघालेल्या या मवाळ ब्राझिली शैलीची, लाट तिथे आणली होती, आणि कंपनी त्याच नावावर माल विकत होती.

दुसरी गोष्ट गेट्झच्या स्वराची. त्याच्या स्वरात फुंकरीचा अंश खूप आहे, विशेषतः खालच्या सप्तकात. श्वास ऐकू आला की वाद्य जवळ आल्यासारखं वाटतं. म्हणजे मोजमापात सॅक्स जितका मोठा असेल त्याहून जवळचा भासतो. ज्यांना हा आवाज प्रिय आहे ते नेमकं याच जवळिकीवर फिदा असतात, आणि ज्यांना खटकतो त्यांनाही हीच जवळीक खटकते.

तिसरी गोष्ट ऐकण्याच्या साधनाची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित. गिटारच्या जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झला आहे, बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला. जोआंवचा अंगठा ज्या तारांवर ठेका धरतो त्या याच भागात. फोनचा लहान स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. टेनर सॅक्सचे मूळ सूर सुमारे १०४ ते ६५९ हर्ट्झमध्ये आणि त्यांचे उपस्वर त्याच्याही वर. परिणाम उघड आहे: फोनवर अंगठ्याचा ठेका आणि बास जवळजवळ गायब, गळा पातळ, सॅक्स जसाच्या तसा. ‘सगळा सॅक्सच सॅक्स’ असं कुणी म्हणालं की आधी फोन बाजूला ठेवायला सांगावं. तबकडीवर ठेवलेला असमतोल खरा आहे, पण त्यात अर्धी भर स्पीकरने घातलेली असते.

यातच स्टिरिओचा घोळ मिसळतो. तबकडी तेव्हा मोनो आणि स्टिरिओ अशा दोन्ही प्रकारांत निघाली. मोनोचा क्रमांक व्ही-८५४५, स्टिरिओचा व्ही६-८५४५. त्या काळचा स्टिरिओ आजच्यापेक्षा ठळकपणे डावी-उजवी विभागलेला असे. एकाच कानात इअरफोन घालून ऐकलं, किंवा दोघांनी एकेक कानातला वाटून घेतला, तर दोघांचं मत जुळणार नाही यात नवल कसलं? मोनो आवृत्ती मिळाली तर जरूर ऐकावी. तिथे सगळे एका ठिकाणाहून येतात आणि सॅक्स व गळा यांचं परस्परप्रमाण सरळ तोलता येतं.

तिन्ही बाबी वजा केल्यावर उरतं काय? ‘डोरालिसे’ आणि ‘पारा माशुकार मेउ कोरासांव’ या जुन्या सांब्यांत गेट्झ जागा राखून वाजवतो. ‘सो दान्सो सांबा’त तो खुलतो, जोर लावतो, आणि तिथे ‘चढून वाजवतो’ हा आरोप खरा ठरतो. पण ते गाणंच नाचाचं असल्याने ते खपूनही जातं. सरसकट निकाल लावणाऱ्यांनी बहुधा पहिलं गाणं आणि हे गाणं एवढंच मनात ठेवलेलं असतं.

बेसूर की तसंच लिहिलेलं?

‘देझाफिनादो’बद्दल ‘गाणारा सुरातून घसरतोय’ असं नव्या श्रोत्याला हमखास वाटतं. तो घसरत नाही. गाणं ‘एफ’ पट्टीत लिहून पाहिलं तर दुसऱ्या स्वरमेळाला (कॉर्डला), ‘जी सेव्हन’ला, पाचवा स्वर कोमल केलेला आहे, आणि चाल नेमकी त्याच डी-फ्लॅटवर जाऊन थांबते. कान शुद्ध स्वराची वाट बघतो आणि त्याला अर्धा स्वर खालचा मिळतो. न्यूटन मेंडोन्साच्या शब्दांचा विषयही ‘मला बेसूर म्हणतात’ हाच, तेव्हा ही खोडी जाणूनबुजून आहे. शंका असेल तर पियानोच्या किंवा हार्मोनियमच्या पट्टीवर तो स्वर धरून गाण्याबरोबर वाजवावा. तंतोतंत जुळतो.

आस्त्रूदची गोष्ट निराळी. त्याआधी ती व्यावसायिक गायिका नव्हती. तिचा सूर सरळ, कंपनरहित, आणि ओळीच्या शेवटी लांबवलेल्या स्वरावर कधी कधी किंचित उतरतो. ‘इपानेमा’चा मधला भाग त्यासाठी अवघडच आहे: तीच स्वराकृती तीन वेळा येते, दर वेळी वर सरकून, आणि खालचे स्वरमेळ प्रत्येक वेळी वेगळ्या घरात गेलेले. कंपन असलेला गळा अशा जागी छोटी चूक झाकून घेतो. सरळ गळ्याला ती सोय नाही. म्हणजे ‘बेसूर’ म्हणणाऱ्याचे कान खोटे नाहीत. पण त्या चार-दोन जागांवरून सगळं गाणं निकालात काढणं म्हणजे कसोटी चुकीची लावणं. जोआंवच्या गाण्याची पद्धतच अशी की गळा साधा, न सजवलेला हवा. तिथे कसलेली, भारदस्त गायिका आणली असती तर गिटार दबली असती.

लॅटिन जॅझ म्हणावं का?

क्युबन परंपरेचे श्रोते इथे नाक मुरडतात, आणि त्यांची बाजू पक्की आहे. आफ्रो-क्युबन जॅझची वाट न्यूयॉर्कमध्ये माचितोच्या वाद्यवृंदाने आणि मारिओ बाउसाने १९४०च्या दशकात पाडली. १९५०च्या डिसेंबरात चिको ओफॅरिलच्या ‘आफ्रो-क्युबन जॅझ सूट’ या रचनेत त्याच वाद्यवृंदाबरोबर चार्ली पार्करचा आल्टो सॅक्स आणि फ्लिप फिलिप्सचा टेनर सॅक्स आहे. त्या संगीतात सगळं ‘क्लाव्हे’ नावाच्या पाच ठोक्यांच्या आकृतीला बांधलेलं असतं. तिच्या एका आवर्तनाचे सोळा समान भाग केले तर ‘सोन क्लाव्हे’ या तिच्या प्रकाराचे ठोके १, ४, ७, ११ आणि १३ वर पडतात. बोसा नोव्हात ड्रमर काठीने ड्रमच्या कडेवर जी आकृती वाजवतो ती बहुतेक वेळा १, ४, ७, ११ आणि १४ अशी. शेवटचा ठोका फक्त एक घर पुढे. एवढ्यावरून ‘दोन्ही एकच’ म्हणण्याचा मोह होतो, पण क्युबन वाद्यवृंदात ती आकृती मोडली तर वादक थांबून भांडतील, आणि मिल्तन बनाना मात्र ती गाण्यागणिक मोकळेपणाने बदलतो. ब्राझीलचा सांबा दोन मात्रांचा, दुसऱ्या मात्रेवर खालचा जड ठोका. जोआंवने सांब्यातल्या तालवाद्यांचा सगळा गलका सहा तारांवर आणला: अंगठा ढोलाच्या जागी, तीन बोटं बाकीच्या वाद्यांच्या जागी.

दुकानात आणि ॲपवर मात्र दोन्ही एकाच खणात असतात. त्या खणातून कुणी कोंगा-बोंगो या क्युबन हातढोलांच्या अपेक्षेने ही तबकडी उचलली तर त्याची निराशा ठरलेली. असं मत तबकडीबद्दलचं नसतं, खणावरच्या पाटीबद्दलचं असतं.

‘लिफ्टमधलं संगीत’ या शेऱ्याबद्दल फार लिहायला नको. साठ वर्षं हॉटेलांच्या लॉबीत या गाण्याच्या मिळमिळीत नकला वाजल्या, त्याचा राग मूळ गाण्यावर निघतो.

हे तपासायचं कसं

आठ-दहा जणांची ऐकण्याची बैठक तासा-सव्वा तासात होते. आठही गाणी लावायची गरज नाही. ‘देझाफिनादो’च्या तीन आवृत्त्या घ्याव्यात: जोआंवच्या १९५९च्या पहिल्या अल्बमातली (जेमतेम दोन मिनिटं, सॅक्स नाही), ‘जॅझ सांबा’तली (सॅक्स आहे, गाणं नाही), आणि ‘गेट्झ/जिल्बेर्तो’तली (सव्वाचार मिनिटं, दोन्ही). एकाच चालीचे हे तीन अवतार ऐकले की ‘सॅक्सने काय दिलं, काय घेतलं’ या प्रश्नावर माणूस हवेत बोलत नाही.

पातळी जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन आवृत्त्यांत जराशी मोठी असेल तीच बहुतेकांना ‘जास्त चांगली’ वाटते, आणि आवाज मोठा आहे हे त्यांना कळतही नाही. ॲपमधली आवाज समान ठेवण्याची सोय चालू करावी. तबकडीवरून लावत असाल तर फोनवरचं ध्वनिमापक एकाच जागी ठेवून तिन्हींचा सरासरी आवाज सारखा करावा. गाण्याला बोलण्याइतका आवाज पुरे. मोठ्याने लावलं की जोआंवच्या गळ्याजवळचा मायक्रोफोन उघडा पडतो आणि कुजबुजीतली गंमत जाते.

नावं आधी सांगू नयेत. प्रत्येक आवृत्तीनंतर दोन मिनिटं गप्प राहून कागदावर लिहायचं, बोलणं नंतर. ही शिस्त मोडली की पहिला बोलणारा जे म्हणतो तेच पुढच्या चौघांचं मत होतं, मग तुम्ही दहा नव्हे, एकच मत गोळा केलेलं असतं. कागदावर ‘आवडलं का?’ हा प्रश्न नको. ‘ठेका कोण धरतंय?’, ‘गाणारा ठेक्याच्या पुढे की मागे?’, ‘सॅक्स आल्यावर गिटार ऐकू येते का?’ असे प्रश्न ठेवावेत. आवड आपोआप बाहेर येते, पण कारणासकट. शेवटी ‘गेट्झ/जिल्बेर्तो’तली आवृत्ती एकदा फोनच्या स्पीकरवर लावून दाखवावा; सॅक्सबद्दलचे कागद त्यानंतर बदलतात का ते पाहावं.

ज्यांच्या कानांत सॅक्स म्हणजे हिंदी चित्रपटगीतांतला, मनोहारी सिंग यांच्यासारख्यांनी वाजवलेला सूर आहे, त्यांना गेट्झ सुरुवातीला थंड वाटू शकतो. तिथे सॅक्सला आठ-दहा सेकंदांत जागा भरून काढायची असते, म्हणून प्रत्येक स्वर सजवलेला. गेट्झकडे पूर्ण फेरा आहे. कंपन तो लांब स्वराच्या शेवटी ठेवतो, सुरुवातीला नाही.

वाजवणाऱ्यांचं मत

सॅक्सवादक श्रोत्यांच्या तक्रारी आणखी वेगळ्या असतात, आणि त्यातली पहिली पट्टीची. तबकडीवर ‘इपानेमा’ डी-फ्लॅटमध्ये आहे. जॅझवाले ते सहसा ‘एफ’मध्ये वाजवतात. सॅक्ससाठी लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळे असतात, म्हणून तबकडीबरोबर वाजवायचं तर टेनरला लिखित ई-फ्लॅट, आल्टोला बी-फ्लॅट. ‘एफ’च्या छापील कागदावरून (टेनरला ‘जी’, आल्टोला ‘डी’) सराव करून तबकडी लावली की काहीच जुळत नाही, आणि दोष तबकडीच्या वेगाला दिला जातो.

दुसरी गोष्ट सूर. गेट्झची फुंकर म्हणजे नुसतं हळू वाजवणं नव्हे. खालचा जबडा किंचित मागे आणि सैल, रीडवर (तोंडातल्या वेताच्या पातळ पट्टीवर) कमी दाब, पण पोटातून हवा पूर्ण आणि संथ. शिकाऊ वादक दाब कमी करताना हवाही कमी करतात. मग सूर पातळ होतो, खालचे स्वर तुटतात आणि पट्टी उतरते. फार कडक रीडवर हे जमत नाही. टेनरला अडीच क्रमांकापासून सुरुवात करावी आणि ट्यूनर समोर ठेवावा. हा प्रयोग आठवडाभर करणारा वादक ‘गेट्झ काय, सोपंच वाजवतो’ हे मत गुपचूप मागे घेतो.

नकलेत आणखी एक चूक होते: गाणाऱ्याच्या ओळीवर वाजवणं. ‘इपानेमा’च्या शेवटी गेट्झ आस्त्रूदची ओळ संपायची वाट पाहतो आणि मोकळ्या जागेत शिरतो. अगदी हेच ऐकून ‘सॅक्स चढतो’ म्हणणाऱ्यांनी हा शेवट पुन्हा तपासावा.

जुनी मतं वाचताना एक खबरदारी घ्यावी. दोघांचं नाव जोडून १९६४च्या ऑक्टोबरात कार्नेगी हॉलमध्ये झालेला कार्यक्रमही पुढे तबकडीवर आला, त्याचं नाव ‘गेट्झ/जिल्बेर्तो नंबर टू’. तिच्या एका बाजूला गेट्झचा संच आहे, दुसरीवर जोआंवचा. ‘दोघं वेगवेगळे वाजवतात’ हे कुणाचं मत त्या तबकडीबद्दल असेल तर ते शब्दशः खरं आहे; पहिल्या तबकडीला ते लागू नाही. आणि पहिलीच्या मूळ वेष्टणावर बासवादक म्हणून टॉमी विल्यम्सचं नाव छापलेलं होतं, वाजवलंय सेबास्तियांव नेतोने. विल्यम्सच्या बासची तारीफ करणारं जुनं परीक्षण सापडलं तर तारीफ नेतोच्या खात्यात लिहावी.